मेट्रनचे वाकडे प्रश्न

मेट्रन कोणत्याही पेशंटला "कसं वाटतंय?" असं कधी विचारत नसत. जवळजवळ चाळीस वर्षं नर्सचं काम केलेल्या बाईची ही सवय ऐकून कोणालाही नवल वाटेल. मलाही वाटलं होतं. त्या म्हणायच्या, "इथल्या माणसाला तब्येत विचारली की तो 'ग्रँड' म्हणतो. पाय मोडला तरी ग्रँड, बायको गेली तरी ग्रँड. मग विचारून मिळवलं काय?" म्हणून त्या भलतंच काहीतरी विचारायच्या. गाय व्याली का, छपराची गळती थांबली का, रविवारी काय रांधलं. समोरचा माणूस खुलून बोलायला लागायचा आणि तेवढ्यात रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळून झालेला असायचा. यंत्रावर आकडा उमटायच्या आधीच मेट्रनना तो कळलेला आहे, असं मला पुष्कळदा वाटे. "प्रश्न सरळ विचारलास तर उत्तर पाठ केलेलं मिळतं. वाकडा विचार," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

मी तिथे गेले २०२०च्या जानेवारीत. माझं नर्सिंग मिरजेत झालं. नवऱ्याला लिमरिकजवळ वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून आम्ही आयर्लंडला आलो. इथली नोंदणी मिळवण्यात माझी दोन वर्षं गेली. मग लिमरिकपासून पाऊण तासावरच्या एका डोंगराळ गावात, एक डॉक्टर आणि एक नर्स एवढ्याच दवाखान्यात, जागा निघाली. तिथली नर्स मार्चअखेर निवृत्त होणार होती. तोवर मला सगळं शिकवायचं आणि जायचं, असं ठरलेलं. आम्ही गावाच्या टोकाला भाड्याचं घर घेतलं आणि नवरा तिथून कारखान्यात जाऊ-येऊ लागला.

मेट्रन हे नाव मी ठेवलेलं. खरं तर त्या एका छोट्या दवाखान्यातल्या साध्या नर्स, पण पाठमोऱ्या पाहिल्या की थेट आमच्या मिरजेच्या मेट्रनबाई. बुटक्या, रुंद, आणि चाल अशी की समोरची खुर्चीसुद्धा बाजूला होईल. घरी नवऱ्याशी बोलताना मी त्यांना मेट्रन म्हणायची. ते आमच्या सहा वर्षांच्या सानिकाने ऐकलं आणि रस्त्यात गाठ पडल्यावर आपल्या आयरिश वळणाच्या इंग्रजीत सांगून टाकलं, की आमची आई तुम्हाला मेट्रन म्हणते. माझे कान तापले. मेट्रननी क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिलं. "इतक्या वर्षांत मला कोणी बढती दिली नव्हती," त्या म्हणाल्या. "आता मागे घेऊ नकोस." तेव्हापासून मी तोंडावरही मेट्रनच म्हणू लागले.

त्या मला 'पेट' म्हणायच्या. तिथली वडीलधारी माणसं लाडाने असंच म्हणतात, आपण 'बाळ' म्हणतो तसं. पण फेब्रुवारीत माझ्या सासूबाई तासगावहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या आणि त्यांनी ते फाटकाशी उभ्या असताना ऐकलं. मेट्रन गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आगं, ती बाय तुला सारखी पेट पेट का म्हनती? काय वाकडं केलंस तिचं?" मी अर्थ समजावला. त्यांना तो फारसा पटला नाही. त्या म्हणाल्या, "आसंल. पर आपल्याकडं चुलीला म्हनत्यात."

मार्चमध्ये सगळं बंद झालं. मेट्रनच्या निवृत्तीला दोन आठवडे राहिले होते आणि वय साठीच्या पुढे. आमचे डॉक्टर सडपातळ, काळजीखोर गृहस्थ. त्यांनी सांगितलं, तुम्ही आता घरी राहिलेलं बरं, तुमच्या वयाला धोका आहे. मेट्रन म्हणाल्या, "सहा आठवडे थांबते. तोवर निवळेल." मग दर सहा आठवड्यांनी त्या हेच वाक्य म्हणायच्या. डॉक्टरांनी तिसऱ्या वेळेनंतर विचारणं सोडून दिलं.

दवाखान्याची प्रतीक्षाखोली बंद केली आणि पेशंट मागच्या अंगणात आपापल्या गाड्यांत बसू लागले. आम्ही प्लास्टिकचे एप्रन, हातमोजे, मास्क घालून गाडीपाशी जायचो. काच खाली व्हायची, एक दंड बाहेर यायचा, त्यातून रक्त घ्यायचं किंवा इंजेक्शन द्यायचं. त्या डोंगरावरचा वारा असा, की एप्रन फडफडून तोंडावर यायचा. पेशंटांपैकी निम्मे कानाने मंद. ते आजवर मेट्रनचे ओठ वाचत आले होते, आणि आता ओठ मास्कच्या आड गेले. मग मेट्रन मोठ्याने बोलू लागल्या. बद्धकोष्ठापासून मूळव्याधीपर्यंत प्रत्येकाचं दुखणं अंगणातल्या सगळ्या गाड्यांना ऐकू जायचं. एका बाईंनी तक्रार केली तेव्हा मेट्रन म्हणाल्या, "बाकीच्यांनी काच वर करून बसावं." कोणी करत नसे. टाळेबंदीत तेवढीच करमणूक होती.

सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांनी घराबाहेर पडायचं नाही, असा सरकारी नियम झाला. आमच्या यादीत अशी पुष्कळ माणसं. बरीचशी एकटी, डोंगरावर विखुरलेली. मेट्रननी ठरवलं, की रोज सकाळी दोघींनी यादी वाटून घेऊन फोन करायचे.

पहिल्या आठवड्यात माझ्या वाट्याला टॉम आले. वय पंच्याऐंशी, लग्न केलेलं नाही, डोंगरावर सगळ्यांत वरचं घर, पाच-सहा गुरं आणि एक कुत्रा. मी फोन केला आणि सवयीने विचारलं, "कसं वाटतंय?" ते म्हणाले, "ग्रँड, ग्रँड. तुम्ही उगाच त्रास घेऊ नका." मी नावापुढे बरोबरची खूण केली आणि पुढचा नंबर फिरवला. दहा मिनिटांनी मेट्रननी माझी यादी पाहिली.

"काय विचारलंस?"

मी सांगितलं. त्यांनी फोन ओढून घेतला आणि टॉमना लावला. फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"टॉम, कुत्रा काय करतोय?"

"पडलाय."

"कुठे?"

"इथे, पलंगावर. पायाशी."

मेट्रननी फोन ठेवला आणि खुंटीवरचा कोट काढला. गाडीत बसताना मी विचारलं, झालं काय? त्या म्हणाल्या, "टॉमचा कुत्रा गोठ्यात असतो, त्याने आजवर घराचा उंबरा ओलांडलेला नाही. टॉम ओलांडू देत नाही. आज तो पलंगावर आहे. आणि सकाळचे अकरा वाजलेत, टॉमही पलंगावरच आहे."

वर पोहोचलो तर दार नुसतं लोटलेलं. घर थंडगार, शेगडी विझलेली. टॉम कोट घालूनच पांघरुणात होते आणि तापाने फणफणले होते. आठ दिवसांपूर्वी काटेरी तार नडगीला लागली होती. पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजला होता आणि त्याला वास येत होता. कुत्रा आमच्यावर गुरगुरला. मेट्रननी त्याच्याकडे फक्त पाहिलं, तसा तो खाली उतरला.

"टॉम, फोन का नाही केलास?"

"तुमच्याकडे तो रोग चाललेला. तारेचं काय सांगायचं म्हटलं."

मी रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मेट्रननी शेगडी पेटवली, पाय धुऊन बांधला, गोठ्यात जाऊन गुरांना पाणी पाजलं आणि शेजारच्या शेतकऱ्याला फोन करून गुरांची नि कुत्र्याची सोय लावली. मी टॉमचा हात धरून बसले होते. रुग्णालयात सांगितलं, की आणखी एक दिवस गेला असता तर पाय नाही, माणूस गेला असता. तीन आठवड्यांनी टॉम परत आले.

त्या दिवशी परतताना मला वाटलं होतं, मेट्रन आता मला झाडणार. त्यांनी झाडलं नाही. रस्त्याच्या मधोमध गाडी चालवायची त्यांची पद्धत होती, तशी चालवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी सव्वीस वर्षांची असताना एका म्हाताऱ्या बाईच्या 'ग्रँड'वर विश्वास ठेवला. तिला कुत्राही नव्हता."

मी वाकडं विचारायला शिकू लागले. सोपं नव्हतं. एका बाईंना मी मोठ्या आत्मविश्वासाने गाईबद्दल विचारलं, तर त्यांच्याकडे गाय नव्हतीच. गाय होती शेजाऱ्यांची, आणि त्या शेजाऱ्यांशी कुंपणावरून भांडण होतं. ते चाळीस मिनिटं ऐकलं. मेट्रन पलीकडच्या टेबलावर मास्कमागे हसत होत्या, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. फोन संपल्यावर म्हणाल्या, "चाळीस मिनिटं न खोकता भांडली ना? तिच्या फुप्फुसांची तपासणी झाली. लिहून ठेव."

घरी मात्र माझी वेगळीच तऱ्हा होती. दवाखान्यातून आल्यावर मी मागच्या दाराने आत शिरायची, कपडे थेट धुवायला टाकायची, आंघोळ करायची आणि सासूबाईंपासून चार हात दूर राहायची. माझ्यामुळे त्यांना काही झालं तर, ही धास्ती मनातून जात नसे. त्यांचं परतीचं विमान रद्द झालं, मग पुन्हा रद्द झालं. मी रोज लांबूनच विचारायची, "आई, बरं आहे ना?" त्या म्हणायच्या, "बरं हाय की. मला काय धाड भरलीया?"

मेट्रन शनिवारी आमच्या फाटकापर्यंत येत. घरच्या कोंबड्यांची अंडी खांबावर ठेवत आणि मग कुंपणाच्या पलीकडे उभ्या राहून सासूबाईंशी गप्पा मारत. मेट्रन इंग्रजीत, सासूबाई तासगावच्या बोलीत. मधे सानिका. सानिका दोन्हीकडच्या लांबलचक बोलण्याचं चार शब्दांत भाषांतर करायची, तरी दोघींचं काही अडत नसे. एकदा मेट्रननी विचारलं, आजी दिवसभर काय करतात. सासूबाईंनी अंगणाकडे हात करून दाखवलं, की मी धा फेऱ्या घालते. आणि चालून दाखवलं.

पुढच्या सोमवारी मेट्रन मला म्हणाल्या, "तुझ्या सासूबाई वळताना भिंत धरतात."

"अंगण ओलं असतं," मी म्हणाले.

"दोन आठवड्यांपूर्वीही ओलं होतं. तेव्हा धरत नव्हत्या. आणि दहा फेऱ्या म्हणाल्या, पण तीनच घालून बसल्या."

संध्याकाळी मी रक्तदाबाचं यंत्र घरी नेलं. सासूबाई नको नको म्हणत होत्या. आकडा भलताच वर होता. त्यांच्या गोळ्यांचा डबा उघडला, तर प्रत्येक गोळी सुरीने कापून अर्धी केलेली. तीन महिन्यांच्या गोळ्या त्यांनी बरोबर आणल्या होत्या. त्या संपत आल्यावर त्यांनी मनाशीच हिशेब करून अर्धी-अर्धी घ्यायला सुरुवात केली होती.

"आई, मला का नाही सांगितलंत? मी नर्स आहे."

"तू दिसभर मरमर करून येतीस. त्यात माझं कुठं लावू? इमान सुरू हुईस्तवर पुरवायच्या हुत्या."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पंधरा दिवसांत आकडा जागेवर आला. पण त्या सकाळी दवाखान्यात मी सामानाच्या प्रेसमधून, म्हणजे तिथल्या कपाटातून, पट्ट्या काढायला गेले आणि त्याच्या दाराआड तोंड घालून रडले. मेट्रन मागे येऊन उभ्या राहिल्या. दोन मीटरांवर, नियमाप्रमाणे.

"माझी आई रोज वर्तमानपत्र घेऊन बसायची," त्या म्हणाल्या. "मी रोज संध्याकाळी तिला विचारायची, काय बातमी? ती म्हणायची, नेहमीचंच. दोन वर्षं तिला दिसत नव्हतं, पेट. साऱ्या गावाचे डोळे मी तपासत होते आणि घरात पेपर उलटा धरलेला मला दिसला नाही." मग म्हणाल्या, "आपल्या घरात सगळेच आंधळे असतात. म्हणून तर दुसऱ्याच्या घरची नर्स लागते. आता पट्ट्या दे, बाहेर तीन गाड्या उभ्या आहेत."

२०२१च्या सुरुवातीला लस आली. आधी आम्हाला दोघींना मिळाली आणि तेव्हा एक गोष्ट उघडकीला आली. मी सुई हातात घेतली तशा मेट्रन पांढऱ्याफटक पडल्या. हजारो लोकांना टोचणाऱ्या या बाईंना स्वतःला टोचून घ्यायची भीती वाटत होती. खुर्चीचे हात धरून त्या म्हणाल्या, "कोणाला सांगितलंस तर याद राख." मी विचारलं, "कोंबड्या किती अंडी देतात सध्या?" त्या बोलायला लागल्या. तपकिरी कोंबडीवर आल्या तोवर माझं काम झालं होतं. त्यांनी दंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरी शिकलीस," एवढंच म्हणाल्या. माझ्या नोंदणीच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

मग पंच्याऐंशीच्या पुढच्यांचा दिवस आला. तसा दिवस मी पुन्हा पाहीन असं वाटत नाही. मंडळी चर्चला जायचे कपडे घालून आली. मास्क असूनही बायकांनी लिपस्टिक लावलेली. टॉमनी टाय बांधला होता आणि कुत्र्याला गाडीत बसवून आणलं होतं. या माणसांनी वर्षभर एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती. लस घेतल्यावर पंधरा मिनिटं गावच्या सभागृहात बसायचं होतं. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, आणि निम्म्यांना ऐकू कमी. त्यामुळे सगळे एकमेकांशी ओरडून बोलत होते. कोण गेलं, कोणाला पणतू झाला, कोणाचं शेत कोणी घेतलं. गलका असा, की लग्नघरात शिरल्यासारखं वाटावं.

पंधरा मिनिटं झाली तरी कोणी उठेना. डॉक्टर दारातून घड्याळ दाखवू लागले. मेट्रन त्यांच्यापाशी जाऊन गंभीरपणे म्हणाल्या, "डॉक्टर, दोघा-तिघांचे चेहरे मला जरा लाल वाटतात. अजून पंधरा मिनिटं लक्ष ठेवलेलं बरं." चेहरे लाल होते हे खरं. हसून हसून झाले होते. डॉक्टरांनी आत डोकावलं, मेट्रनकडे पाहिलं आणि बाहेरच्या रांगेला सांगायला गेले, की थोडा उशीर होईल.

ऑगस्टच्या शेवटी मेट्रन खरोखरच निवृत्त झाल्या. यावेळी सहा आठवड्यांचं नाव नाही. डॉक्टरांनी केक मागवला होता, तीन वाजता अंगणात लोक जमणार होते, भाषण लिहून खिशात ठेवलेलं. पावणेदोनला मी आत गेले तर मेट्रनचा गणवेश घडी करून खुर्चीवर ठेवलेला आणि त्यांची गाडी गायब. डॉक्टर घाबरे झाले. मी शोधायला निघाले.

आधी टॉमकडे गेले. ते दारातच उभे होते. "आत्ताच गेली. दोन कप चहा प्याली."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. महामारीच्या आधी मेट्रन पेशंटच्या घरी गेल्या की चहा घेतल्याशिवाय उठत नसत. मार्चनंतर त्यांनी कोणाच्या घरचा घोटही घेतला नाही. तोंडावरचा मास्क काढायचा नाही, म्हणजे नाही. किटली ठेवू का, असं लोक दर वेळी विचारायचे आणि त्या दर वेळी म्हणायच्या, "नंतर." असं दीड वर्षं चाललं होतं. आता त्या प्रत्येकाकडचं ते नंतर पुरं करत सुटल्या होत्या.

पुढच्या घरी कळलं, चहा आणि ब्रेड खाऊन दहा मिनिटांपूर्वी गेल्या. त्याच्या पुढच्या घरी, पाच मिनिटांपूर्वी. शेजाऱ्यांशी भांडणाऱ्या बाईंनी सांगितलं, की इथे चहा प्याली आणि मग शेजाऱ्यांकडेही गेली, हे मला आवडलेलं नाही. शेजाऱ्यांकडे कळलं, की मेट्रननी चहा घेण्याआधी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. मी प्रत्येक ठिकाणी एक घर मागे. डॉक्टरांचे फोन चालूच होते. साडेतीन झाले, अंगणात लोक थांबलेले. शेवटी मी नाद सोडला आणि परत फिरले.

वाटेत आमचं घर लागतं. फाटकाबाहेर मेट्रनची गाडी उभी होती, दोन चाकं गवतावर.

स्वयंपाकघरात मेट्रन बिनगणवेशाच्या, निळ्या फुलाफुलांच्या झग्यात बसल्या होत्या. पायातले बूट काढलेले. समोर आल्याचा चहा आणि शंकरपाळ्यांची ताटली. परतीचं विमान दीड वर्षानंतरही न जुळलेल्या सासूबाई शेजारी बसून काहीतरी सांगत होत्या आणि मेट्रन मान डोलावत होत्या. सानिका मैत्रिणीकडे गेली होती, म्हणजे भाषांतराला कोणी नव्हतं.

"आगं, किती दिस दारात हुबं ऱ्हायचं बाईनं," सासूबाई मला म्हणाल्या. "म्हनलं, या आत. तर आली."

मेट्रननी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांचा पूर्ण चेहरा मी जवळून क्वचितच पाहिला होता. हनुवटीवर एक तीळ होता, तो मी विसरूनच गेले होते. डोळे ओले होते आणि ते लपवायचा त्या जराही प्रयत्न करत नव्हत्या.

"मला ते भाषण ऐकवणार नाही, पेट," त्या म्हणाल्या. "हा अकरावा कप आहे. एवढा पिऊ दे, मग नेशील तिथे येते."

तेवढ्यात माझा फोन वाजला. डॉक्टर होते. सापडल्या का, म्हणून विचारत होते.

"नाही डॉक्टर," मी म्हणाले. "अजून शोधतेय."

फोन बंद करून ओट्यावर ठेवला, कपाटातून एक कप काढला आणि त्या दोघींच्या मधली खुर्ची ओढून बसले.